ऱ्हाईनकाठचे नॉयवीड: सोसायटीचे माहेर



या सदरातून आपण घरबसल्या गावोगाव फिरतो. आज जरा लांबचा पल्ला आहे. पार जर्मनीत जायचे आहे. पण घाबरू नका. तिथे पोचल्यावर एक ओळखीची वस्तू भेटेल आणि तुम्ही म्हणाल, अरे, ही तर आपल्या चावडीशेजारची!

ती वस्तू म्हणजे आपली सोसायटी. खरिपाच्या तोंडावर जिच्या ओट्यावर गर्दी होते, जिच्या सचिवाला आपण कधी दूषणे देतो तर कधी गळ घालतो, ती गावची पतपुरवठा सोसायटी. ही आली कुठून, असे विचारले तर दहांतले नऊजण सांगतील की सरकारने काढली. वरवर पाहता ते खरेच आहे. पण तिचे माहेर शोधत गेले तर वाट ऱ्हाईन नदीच्या काठी जाते, नॉयवीड नावाच्या गावी.

आधी गाव कुठे आहे ते पाहू. ऱ्हाईन ही युरोपातली मोठी नदी. स्वित्झर्लंडच्या बर्फाच्या डोंगरांत उगम पावते, जर्मनीतून उत्तरेकडे वाहते आणि हॉलंडमध्ये समुद्राला मिळते. लांबी सुमारे १,२३० किलोमीटर. म्हणजे आपल्या गोदावरीपेक्षा थोडी आखूड. वाटेत कोब्लेन्झ शहरापाशी तिला मोझेल नदी मिळते. तिथून थोडे खाली उतरले की उजव्या काठावर नॉयवीड लागते. वस्ती सुमारे ६५ हजार, आपल्याकडच्या एखाद्या तालुक्याच्या गावाएवढी. गावाच्या हद्दीतच वीड नावाची लहान नदी ऱ्हाईनला येऊन मिळते. पाठीमागे वेस्टरवाल्डचा डोंगराळ, थंड आणि हलक्या जमिनीचा मुलूख आहे. हा मुलूख ध्यानात ठेवा, पुढे त्याचे काम आहे.

गावाभोवतीचे खोरे सपाट आणि रुंद आहे. त्याच्या पोटात एक नवल दडले आहे. नदीपलीकडे, पश्चिमेला, सुमारे तेरा हजार वर्षांपूर्वी एक ज्वालामुखी फुटला. जिथे फुटला तिथे आज लाखर झे नावाचे मोठे तळे आहे. त्या स्फोटात हलका, सच्छिद्र दगड उडाला आणि सगळ्या खोऱ्यावर त्याचा थर बसला. हा दगड म्हणजे आपल्या घरातल्या न्हाणीत पाय घासायला ठेवतात ती वजरी. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर तिथल्या लोकांच्या ध्यानात आले की या दगडाच्या चुऱ्यात चुना कालवून विटा पाडल्या तर त्या नुसत्या हवेवर वाळून घट्ट होतात. भट्टी नको, लाकूडफाटा नको. वीट वजनाला हलकी आणि थंडी बाहेर ठेवणारी. या विटांवर कितीतरी घरांची चूल पेटली.

त्याच थराखाली १९६८ साली आणखी एक गोष्ट सापडली. ग्योनर्सडॉर्फ या वस्तीत घराच्या तळघरासाठी खोदकाम चालू असताना पंधरा हजार वर्षांहून जुन्या शिकारी माणसांचा तळ उघडा पडला. त्यांनी पाटीच्या दगडांवर घोडे, केसाळ हत्ती आणि नाचणाऱ्या बायकांची चित्रे कोरलेली होती. अक्षराचा पत्ता नसलेल्या काळात माणसाने पाटीवर रेघ ओढली होती!

पुढे रोमन आले. त्यांनी इथे सरहद्दीची ठाणी बांधली आणि तिसऱ्या शतकात ती सोडून ते निघून गेले. मात्र आजचे गाव फार जुने नाही. त्याचे नाव ज्या वीड घराण्यावरून पडले, त्याचा सरदार फ्रीडरिश तिसरा याने १६५३ साली ते वसवले. नॉयवीड म्हणजे नवे वीड. त्याआधी जर्मनीत १६१८ ते १६४८ अशी तीस वर्षे लढाई चालली होती. गावे ओस पडली होती, शेते पडीक होती. इथे पूर्वी लांगेनडॉर्फ नावाचे खेडे होते, तेही उजाड झाले होते. सरदाराला व्यापार हवा होता, व्यापाराला माणसे हवी होती, आणि माणसे तर कुठेच उरलेली नव्हती.

मग त्याने एक शहाणपणाची गोष्ट केली. १६६२ साली गावाला सनद दिली आणि तीत कबूल केले की इथे येऊन राहणाऱ्याने आपला धर्म आपल्या पद्धतीने पाळावा, कोणी आडवे येणार नाही. ज्या लढाईत पंथावरून माणसे मारली गेली होती, तिच्यानंतर चौदाच वर्षांनी हे लिहून दिले गेले. जिथे तिथे हाकलले गेलेले लोक इथे येऊ लागले. ख्रिस्ती धर्मातलेच निरनिराळे पंथ आणि ज्यू धरून सात समाज गुण्यागोविंदाने नांदू लागले. सरळ, काटकोनात आखलेल्या रस्त्यांवर त्यांची घरे उभी राहिली.

आसरा दिलेला माणूस हात रिकामे घेऊन येत नाही. १७५० साली हेर्नहूटर पंथाबरोबर अब्राहम रोंटगेन नावाचा सुतार आला. त्याने आणि त्याचा मुलगा दाव्हिड याने असे कपाट-मेज बनवले की फ्रान्सचा राजा आणि रशियाची राणी त्यांची गिऱ्हाइके झाली. गावातला घड्याळजी पीटर किंट्झिंग त्यांच्या जोडीला होता. दोघांनी १७८४ च्या सुमारास एक बाहुली बनवली. ती हातातल्या छोट्या हातोड्यांनी तारांचे वाद्य खरोखर वाजवते. आज ती पॅरिसच्या संग्रहालयात आहे.

पण मंडळी, सनद कागदावर असते, ती पाळणारी माणसे बदलतात. ज्या गावाचा पाया असा घातला गेला होता, त्याच गावात नोव्हेंबर १९३८ मध्ये नाझी राजवटीने ज्यूंचे प्रार्थनाघर उद्ध्वस्त केले. पावणेतीनशे वर्षांची शेजारधर्माची रीत अशी मोडली गेली. चांगल्या गावाची गोष्ट सांगताना ही बाजू झाकून ठेवणे बरे नव्हे.

आता नदीकडे वळू. नदीकाठचे गाव म्हटले की पूर आलाच. आपल्याकडे पूर पावसाळ्यात येतो, तिथे मुख्यतः हिवाळ्यात. डोंगरातला बर्फ अवेळी वितळला आणि वर पाऊस पडला की ऱ्हाईन फुगते. वरून मोझेलचे पाणी येऊन मिळते ते वेगळे. नॉयवीड तर सपाट जागी, पात्राला लागून. पाणी चढले की थेट घरात. १९२० साली पूर, १९२४ साली पूर, १९२६ च्या आरंभी पुन्हा पूर. लोक मेटाकुटीला आले.

अखेर १९२८ साली गावाने बांध घालायला घेतला आणि १९३१ मध्ये पुरा केला. कुठे मातीचा बांध, कुठे भिंत. भिंतीत जाण्यायेण्याची दारे ठेवली आहेत. एरवी ती उघडी. माणसे त्यातून नदीवर फिरायला जातात. पाणी चढू लागले की ती बंद करतात. पण नुसती भिंत घालून भागत नाही. बाहेर नदी भरली की आत पडलेल्या पावसाला वाट उरत नाही, म्हणून ते पाणी उपसून नदीत टाकणारे पंपही बसवावे लागले. डिसेंबर १९९३ आणि जानेवारी १९९५ मध्ये ऱ्हाईनला मोठे पूर आले तेव्हा बांधाने गाव राखले. ऱ्हाईनच्या या मधल्या पट्ट्यात असा बांध असलेले हे एकच गाव.

बांधाची ही गोष्ट मुद्दाम सांगितली. एकट्या घराने स्वतःपुरती भिंत घातली असती तर पाणी शेजारच्या दाराने आत आले असते. बांध सगळ्यांचा असावा लागतो. आणि या गावाने त्याआधी साठ-सत्तर वर्षे आणखी एक बांध घातला होता. तो पाण्याच्या नव्हे, कर्जाच्या पुरापुढे.

फ्रीडरिश विल्हेल्म रायफायझन यांचा जन्म ३० मार्च १८१८ रोजी झीग नदीकाठच्या हाम या गावी झाला. घरात नऊ भावंडे, हे सातवे. सैन्यात शिरले, पण डोळ्यांचे दुखणे जडले आणि १८४३ मध्ये बाहेर पडावे लागले. मग सरकारी नोकरीत येऊन १८४५ साली वेस्टरवाल्डमधल्या वायरबुश या भागाचे मुख्याधिकारी झाले. त्यांच्या हाताखाली अनेक लहान खेडी होती. जमीन हलकी, थंडी कडक, बटाटा आणि राय यांवर गुजराण.

१८४६ साली पीक बुडाले. बटाट्यावर रोग पडला होता, धान्यही गेले. हिवाळ्यात लोकांच्या घरी पीठ उरले नाही. वरून सरकारी पीठ आले खरे, पण हुकूम असा की रोख पैसे देणाऱ्यालाच द्यावे. ज्याच्याकडे रोख पैसा आहे तो उपाशी कशाला राहील? रायफायझन यांनी गावातल्या ऐपतदार लोकांना एकत्र बसवले, त्यांच्याकडून पैसा उभा केला आणि पीठ उधारीवर वाटले. पुढे सामाईक भट्टी बांधून पाव भाजायला सुरुवात केली. बाजारातल्यापेक्षा तो पुष्कळ स्वस्त पडला. नवे पीक आले तशी लोकांनी उधारी फेडली.

१८४८ मध्ये त्यांची बदली फ्लामर्सफेल्डला झाली. तिथे दुसरेच दुखणे दिसले. शेतकऱ्याला गाय हवी असे. पैसा नसे. मग गुरांचा व्यापारी उधारीवर गाय देई आणि व्याज अशा रीतीने लावी की दोन वर्षांत गायही जाई आणि शेतही. ओळखीची वाटते ना ही गोष्ट? १८४९ साली त्यांनी मदत संस्था काढली. साठ ऐपतदार माणसे जामीन राहिली, संस्थेने गुरे घेऊन दिली आणि शेतकऱ्याने हप्त्याहप्त्याने पैसे फेडायचे ठरले.

१८५२ मध्ये ते नॉयवीडला खेटून असलेल्या हेडेस्डॉर्फला आले. हे खेडे पुढे १९०४ साली नॉयवीडमध्ये सामील झाले. इथे १८५४ मध्ये त्यांनी अशीच एक संस्था काढली. पोरक्या मुलांची सोय, बेकारांना काम, शेतकऱ्यांना कर्ज, असे सगळे तिने हाती घेतले. पण हळूहळू तिचा जोर ओसरला. देणारे कंटाळले. श्रीमंत माणूस एक वर्ष दया करील, दोन वर्षे करील, जन्मभर किती करणार?

इथे रायफायझन यांना जे उमगले ते त्यांच्या कामाचे सार आहे. ज्याला कर्ज हवे आहे, त्यालाच संस्थेचा मालक केले पाहिजे. दुसऱ्याच्या दयेवर चालणारे काम दया संपली की थांबते; आपल्या स्वतःच्या जबाबदारीवर चालणारे काम टिकते. या पायावर १८६२ मध्ये शेजारच्या आनहाउझेनला आणि १८६४ मध्ये हेडेस्डॉर्फला कर्जपेढी उभी राहिली.

तिचे नियम साधे होते, पण प्रत्येकामागे विचार होता. पहिला नियम, संस्थेचे क्षेत्र लहान, एकमेकांना ओळखणाऱ्या लोकांपुरते. कोण कष्टाळू, कोण उडाणटप्पू, हे शेजाऱ्याला ठाऊक असते. त्याला वेगळा तपासनीस लागत नाही. दुसरा, जबाबदारी अमर्याद. संस्था बुडाली तर प्रत्येक सभासदाची जमीनजुमला त्यात अडकलेली. ऐकायला हे भीतिदायक वाटते. पण त्यामुळेच बाहेरचा माणूस निर्धास्तपणे तिथे पैसा ठेवी, आणि त्यामुळेच गायीसाठी घेतलेले कर्ज लग्नात तर खर्च होत नाही ना, यावर सगळ्यांची नजर राही. तिसरा, पंचांनी फुकट काम करायचे. पगार फक्त हिशेबनिसाला. चौथा, नफा वाटून घ्यायचा नाही. तो राखीव निधीत जाऊन संस्थेचाच राहायचा, म्हणजे वाईट वर्षी तोच बांध. पाचवा, फेडीची मुदत पिकाकडे आणि गोठ्याकडे पाहून ठरवायची.

हे सगळे करताना त्यांच्या स्वतःच्या घरावर दुःख कोसळत होते. १८६३ मध्ये पत्नी एमिलिए वारली. डोळे जवळजवळ गेले. १८६५ मध्ये नोकरी सोडावी लागली. पोटासाठी आधी विड्यांचा कारखाना, मग दारूचा म्हणजे द्राक्षाच्या वाईनचा व्यापार केला. त्या काळात थोरली मुलगी अमालिए त्यांचे डोळे झाली. वाचणे, पत्रे लिहिणे, मजकूर उतरवून घेणे, सगळे तिने केले. १८६६ साली रायफायझन यांचे कर्जपेढ्यांवरचे पुस्तक निघाले आणि त्यावरून गावोगाव पेढ्या निघू लागल्या. पुस्तकावर नाव वडिलांचे. पण संस्थेच्या इतिहासात या लेकीचाही वाटा आहे, हे घरातल्या लेकीसुनांनी लक्षात ठेवावे.

एका गावाकडे पैसा पडून, दुसऱ्या गावाला तंगी, असे होऊ लागले तेव्हा १८७२ मध्ये नॉयवीडला या पेढ्यांची मध्यवर्ती बँक निघाली. आपल्या जिल्हा बँकेचे बीज तेच. ११ मार्च १८८८ रोजी हेडेस्डॉर्फला रायफायझन वारले, तेव्हा शेकडो गावांत त्यांच्या पेढ्या चालत होत्या. नॉयवीडजवळ ऱ्हाईनवर १९७८ साली उघडलेल्या मोठ्या पुलाला त्यांचेच नाव दिले आहे. एक गोष्ट मात्र सांगायला हवी. सावकारीवर लिहिताना त्यांनी ज्यू समाजालाही सरसकट दोष दिला. त्या काळातला हा आकस त्यांनाही सुटला नाही. मोठ्या माणसाचे मोठेपण घ्यावे, त्याची चूक घेऊ नये.

आता आपल्या दाराशी येऊ. हेडेस्डॉर्फची पेढी निघाली त्यानंतर अकरा वर्षांनी, १२ मे १८७५ रोजी, पुणे जिल्ह्यात भीमथडीतल्या सुपे गावी शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरांवर चाल केली. पुण्या-नगरकडच्या गावांत वणवा पसरला. ठिकठिकाणी लोकांचा रोख कर्जरोख्यांवर आणि वह्यांवर होता. ते कागद त्यांनी जाळले. दुखणे तेच होते, वेस्टरवाल्डमधले. सरकारने १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा केला. सावकाराच्या हाताला त्याने थोडा लगाम बसला, पण पेरणीला पैसा कुठून आणायचा हा प्रश्न राहिलाच. रोखा जाळता येतो, गरज जाळता येत नाही.

मग मद्रास सरकारने फ्रेडरिक निकल्सन नावाच्या अधिकाऱ्याला युरोपातल्या शेतकी पेढ्या अभ्यासायला सांगितले. त्याचे अहवाल १८९५ आणि १८९७ मध्ये आले. रायफायझनसारखी माणसे आपल्याकडे शोधून काढली पाहिजेत, हे त्याच्या सांगण्याचे तात्पर्य. १९०४ साली सहकारी पतसंस्थांचा कायदा झाला. त्यात खेड्यातल्या संस्थांना हेडेस्डॉर्फचेच वळण होते: लहान क्षेत्र, एकमेकांना ओळखणारे सभासद, अमर्याद जबाबदारी. त्या वाटेनेच नगर जिल्ह्यातल्या लोणीला विठ्ठलराव विखे पाटलांनी १९२३ मध्ये पतपेढी काढली आणि पुढे प्रवरानगरचा सहकारी साखर कारखाना उभा केला. २०१६ साली युनेस्कोने सहकाराची ही रीत जगाचा वारसा म्हणून नोंदवली.

नॉयवीडच्या पेढीतला शेतकरी आणि आपण, यांत एक फरक मात्र पडला. आपल्याकडे सहकार कायद्याने वरून आला. त्यामुळे सोसायटीचे कर्ज हे सरकारचे कर्ज, बुडाले तर सरकारचे बुडाले, असे वाटायची खोड आपल्याला लागली. हेडेस्डॉर्फच्या शेतकऱ्याला तसे वाटणे परवडणारे नव्हते. संस्था बुडाली तर त्याचाच गोठा जाणार होता. ज्या गावात लोकांनी सोसायटी आपली मानली, तिथे ती आजही उभी आहे. जिथे मानली नाही, तिथे पाटी लटकते आहे आणि सावकार नव्या नावाने दारात आला आहे. बायकांच्या बचत गटांकडे पाहा. दहा-पंधरा जणी, एकमेकींना ओळखणाऱ्या, हिशेब सगळ्यांदेखत. रायफायझन आज असते तर त्या सतरंजीवर मांडी घालून बसले असते.

तेव्हा मंडळी, एक विनंती आहे. या वर्षी सोसायटीच्या वार्षिक सभेची नोटीस आली की ती चुलीत घालू नका. सभेला जा. अहवाल हातात घ्या आणि तीन गोष्टी विचारा: थकबाकी किती, थकबाकीदार कोण, आणि राखीव निधी किती वाढला. ज्याला वाचता येत नाही त्याने शिकत्या मुलीला बरोबर घेऊन आधी घरी अहवाल वाचून घ्यावा. अमालिएने बापाला वाचून दाखवले होतेच की.

बांधाला भोक पडले आहे का, हे नदी चढण्याआधी पाहायचे असते. पाणी दारात आल्यावर नुसतेच बघत बसावे लागते.

बराय, पुढच्या खेपेला आणखी एका गावी जाऊ. राम राम!